अजून दोन हात

विहीर चौदा हात खोल गेली तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा विचारलं, "उदारामभाऊ, अजून किती?"

उदाराम काठावर उकिडवा बसला होता. त्यानं खालच्या कोरड्या मुरमाकडे बराच वेळ पाहिलं, चिमटीत माती घेऊन चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "दोन हात."

सोळा हातांवर मुरूम संपून काळा दगड लागला. उदारामनं दगडाची कपची जिभेला लावून पाहिली. "अजून दोन हात," तो म्हणाला.

खैरटोल्यानं हे मान्य केलं. माणसावर एवढा विश्वास टाकायची टोल्याला तशी सवय नव्हती. तिथं शेजाऱ्याच्या कोंबडीवरसुद्धा नजर ठेवून असतात. पण उदाराम जातीनं कोहळी, आणि पाण्याच्या बाबतीत कोहळ्याचा शब्द मोडायचा नाही हे आजा-पणजापासून ठरलेलं. त्याच्या घराण्यातल्या कोणीतरी नवेगावच्या तलावाच्या बांधावर माती टाकली होती, असं सांगत. टोल्याखालची गुरं पाजायची बोडी तर त्याच्या आजानंच बांधली. आता बोडी बांधायची म्हणजे उतार पाहायचा, पाळ घालायची आणि वरून वाहून येणारं पाणी अडवायचं. जमिनीच्या पोटातलं पाणी हुडकणं हे निराळं काम. हा फरक उदारामला चांगला माहीत होता. टोल्याला माहीत नव्हता, आणि उदारामनं तो कोणाला सांगितलाही नव्हता.

सडक अर्जुनीच्या हायवेपासून अकरा किलोमीटर आत आणि मग दोन किलोमीटर नुसता चढ, असा हा सत्तावीस घरांचा टोला. टोल्यात एक बोरिंग आहे. तिचं पाणी भरून ठेवलं की घटकाभरात लाल होतं, वर तेलकट साय धरतं, आणि त्यात शिजवलेल्या भाताला गंजलेल्या खिळ्याचा वास येतो. प्यायचं पाणी म्हणून चढ उतरून खालच्या गावातून आणायचं. औंदा पंचायत समितीनं योजना दिली: विहिरीचं बांधकाम, मोटर आणि नळाची टाकी त्यांची, जागा आणि खोदाई टोल्याची.

पाणी समितीचा अध्यक्ष उमराव पटले. बोलणं मऊ, पण विसरत काही नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर त्यानं शाळेपुढे सभा घेतली.

"साहेब म्हन्ते, जागा पाहाची मशीन याले महिना लागन," तो म्हणाला. "मी म्हनलं, आमच्या टोल्यात कोहळी असून मशीन कायले पायजे?"

सगळ्यांनी उदारामकडे पाहिलं. माना डोलल्या. नाही म्हणायला उदारामजवळ तेवढीच एक वेळ होती, आणि ती त्यानं धोतराचा सोगा झटकण्यात घालवली. मग उठला, गायरानातून सावकाश चालत गेला, आणि मोहाच्या झाडापासून वीस पावलांवर टाच रोवून उभा राहिला. तिथंच नारळ फुटला.

"पानी लागलं का पयला लोटा तुमचा," उमराव म्हणाला.

घरामागे एक माणूस, असं ठरलं. कोणतं माणूस, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्या घरांनी गडी पाठवले. आठव्या दिवसापासून घरात जे सर्वांत कमी उपयोगाचं ते यायला लागलं. नंदलालकडून त्याची म्हातारी यायची. ती घमेल्यात दोन मुठी माती घेऊन इतक्या जपून चालायची की बघणाऱ्याला वाटावं, आत झोपलेलं लेकरू आहे.

उदारामच्या घरून मात्र तिघंही येत. उदाराम, त्याची बायको सुशिलाबाई आणि सून दुर्गेश्वरी. मुलगा मोनू हैदराबादेत इमारतीच्या कामावर होता, नाहीतर तोही दिसला असता. लोक म्हणत, घराणं ते घराणं.

*

सकाळी खोदाईला जाण्याआधी दुर्गेश्वरी खाली पाण्याला जाई. पाण्याचा एक पितळी गुंड डोक्यावर, एक कमरेवर. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत तिच्या चालण्यात डावीकडे एक झोक आला होता.

त्या दिवशी ती उशिरा आली. गुंड उतरवताना तिनं दात खाल्ले. उदाराम ओसरीवर खोदायच्या सब्बलचं टोक दगडावर घासत होता.

"काऊन वं, उशीर झाला?" सुशिलाबाईनं विचारलं.

"त्या निर्मलाबाईनं बसवून ठेवलं, मामीजी. आमचे ढोरं पिऊ दे, मंग तू भर, म्हने." दुर्गेश्वरीनं पदरानं मान पुसली. "बारा म्हशी होत्या. बाराही पेल्या."

"तू काही बोलली नाई?"

"काय बोलू? विहीर तिच्या वावरात हाये. म्हने, तुमच्या टोल्यात तं मोठा पानीवाला कोहळी हाये, त्याले सांग काढून द्याले."

उदारामचा घासणारा हात थांबला नाही. उलट जरा जोरात चालला. सुशिलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. ती फार पाहत नसे. पाहिलं की त्याला खोकला येई.

तो खोकला.

गोष्ट अशी होती. टोल्याच्या मागल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी उदारामची धानाची एक बांधी होती. खोलगटात म्हणून तिला खोलबांधी म्हणत. तिच्या वरच्या कोपऱ्यात, बांबूच्या कुपाटीच्या आत, हातभर जागा बाराही महिने ओली राही. बैशाखात तिथं पाय ठेवला की बोटांमधून गार पाणी वर येई. उदारामच्या बापानं त्यावर चपटे दगड लावले होते. उदारामनं ते हलवले नाहीत. पाऊस लांबला आणि साऱ्या टोल्याचे धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडले, तरी खोलबांधीतले हिरवे असत, आणि मग रोवणीच्या वेळी माणसं उदारामच्या ओसरीवर येऊन बसत. भाऊ म्हणत. पऱ्ह्याच्या पेंढ्या मागत. तो देई, पण आधी थोडा वेळ बसवून. असे वर्षातले आठ दिवस त्याला लाभत.

विहीर तिथं गेली असती तर बांधीच गेली असती. दानपत्र ग्रामपंचायतीच्या नावानं, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता, मोटरची खोली. मग रोवणीला ओसरीवर कोण बसलं असतं?

म्हणून त्यानं गायरानात टाच रोवली. तिथंबी लागू शकते, असं स्वतःला सांगितलं. खोटं ते पूर्ण नव्हतं. विदर्भात कुठंही खोदत राहिलं तर कधी ना कधी पाणी लागतंच.

आणि गुपित राखायचं तर पूर्ण राखायला हवं. खोलबांधीकडून गुंड येताना दिसला तर टोला विचारणार. म्हणून त्याच्याच घरच्या बाया खाली जात, आणि निर्मलाबाईच्या म्हशी पिऊन होईपर्यंत उन्हात बसत.

दगडांच्या फटीतून कोचई, म्हणजे अळू, मात्र उगवे. जुनी, हट्टी कोचई. उन्हाळ्यात हिरवी पानं दुरून दिसू नयेत म्हणून उदाराम दर आठ दिवसांनी जाऊन ती देठासकट उपटून येई. सुशिलाबाईला हे तीस वर्षांपासून ठाऊक होतं. सुनेला कोणी सांगितलं नव्हतं.

*

सतराव्या हातावर मनिरामचा अंगठा गेला.

मनिराम हा टोल्यातला सर्वांत चांगला खोदणारा. छिन्नी धरायची त्यानं आणि घन मारायचा दुसऱ्यानं, असं चाललं होतं. दुसरा नंदलालचा जावई होता, पाहुणा म्हणून आलेला आणि कामाला लावलेला. घन छिन्नीवरून घसरला. खालून आवाज असा काही आला नाही, फक्त मनिराम म्हणाला, "थांब."

गरारीच्या दोरानं त्याला वर घेतलं. अंगठ्याचं नख उभं राहिलं होतं. सुशिलाबाईनं लुगड्याची चिंधी फाडून हळद दाबली. मनिरामनं तोंड दुसरीकडे करून बिडी ओढली.

"घरी जा गा तू," उदाराम म्हणाला. "आराम कर."

"कायले? डावा होय." मनिरामनं चिंधीकडे पाहिलं. "तुमी दोन हात म्हनलं ना भाऊ. एक तं झाला."

"तरी."

"तुमी म्हनलं म्हनून उतरतो मी. उमरावनं म्हनलं असतं तं पयल्याच दिवशी घरी गेलो असतो."

आजूबाजूचे हसले. उमरावही हसला. उदारामनं हसायचा प्रयत्न केला, पण ते तोंडावर नीट बसलं नाही.

त्या संध्याकाळी उमराव त्याच्या ओसरीवर आला. पंचायत समितीतून फोन होता. सोमवारी साहेब येणार, पाणी मोजणार. पाणी नसलं तर योजना पुढच्या गावाला.

"चार दिवस हायेत," उमराव म्हणाला. "मशीन बोलावू का? लवकर धाडा म्हनून मी विनंती करतो. तुमाले वाईट वाटन म्हनून विचारून रायलो."

मशीन आली असती तर सुटका होती. मशीननं खोलबांधी दाखवली असती, आणि उदारामला फक्त आश्चर्य करावं लागलं असतं. पण मशीन आली म्हणजे कोहळ्याला कळलं नाही, हेही सिद्ध झालं असतं. दोन्हीकडून विचार करून तो म्हणाला, "मशीन काय करन? लागन. दोन हात."

उमराव उठला. जाताना त्यानं ओसरीच्या खांबाला हात लावला, जसा तो दर रोवणीला लावायचा.

आत सुशिलाबाई भात उपसत होती. "लागते काय जी तिथं?" तिनं विचारलं.

"लागन."

"मले नका सांगू." तिनं झाकण ठेवलं. "मी तीस वर्षं खालून पानी आनलं. आता तिचीबी तीस वर्षं जातीन."

रात्री उदारामनं कंबर धरून कूस बदलली. अठरा दिवस तो विहिरीवरून हलला नव्हता. आपण काहीतरी विसरलो आहोत असं त्याला वाटलं, पण काय ते आठवलं नाही.

*

दुपारचं जेवण सगळे मोहाखाली एकत्र करत. भाकर-भात ज्याचा त्याचा. तोंडी लावायला मात्र रोज एका घरानं सगळ्यांसाठी आणायचं, अशी पारी होती. शुक्रवारी पारी उदारामच्या घरची. जेठ महिन्याच्या तोंडावर भाजी कुठून आणायची? आदल्या दिवशी एका घरानं चिंचेचा सार दिला होता, त्याआधी नुसती लाखोळीची डाळ. दुर्गेश्वरी सकाळी खोदाईला आली नव्हती, स्वयंपाक करते म्हणून सुशिलाबाईनं सांगितलं होतं.

ती आली ती मोठा डबा घेऊन. सगळे गोल बसले. तिनं झाकण काढलं तसा तळणाचा वास सुटला, आणि नंदलालची म्हातारी, जिला एरवी काही ऐकू येत नसे, तीही सरकून पुढे झाली.

"कोचईच्या वड्या?" चंदा म्हणाली. चंदा उमरावची वहिनी. टोल्यातल्या बाया जे मनात बोलतात ते ती तोंडानं बोलते.

"हो," दुर्गेश्वरी म्हणाली. तिनं प्रत्येकाच्या पानावर दोन-दोन ठेवल्या.

उदारामचा घास तोंडात होता. तो तिथंच राहिला.

चंदानं वडी मोडली. आत पानाचे गोल गोल हिरवे पदर होते. ती खाल्ली, बोट चाटलं. "चांगल्या झाल्या. पानं कुठची वं? अर्जुनीच्या बजारात तं कोचई आली नाई अजून."

"बजारातून कायले आनू? आपल्याच खोलबांधीत होती. कोपऱ्यात."

"खोलबांधीत."

"हो. दगडायच्या फटीत. भरपूर होती."

उमराव हळूहळू चावत होता. त्यानं चावून संपवलं, पाण्याचा घोट घेतला, लाल पाण्याचाच, आणि विचारलं, "पान केवढं होतं, बाई?"

दुर्गेश्वरीनं हात पसरून दाखवलं. "सुपाएवढं."

जेठात सुपाएवढं कोचईचं पान काय पिऊन होतं, हे तिथं बसलेल्या कोणालाही सांगावं लागणार नव्हतं. मनिरामनं आपल्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. नंदलालच्या जावयानं मनिरामकडे पाहिलं. कोणीच उदारामकडे पाहिलं नाही, आणि एवढ्या माणसांनी एकाच वेळी एका माणसाकडे न पाहणं काय असतं ते उदारामला त्या दिवशी कळलं.

"अजून एक दे," उमराव म्हणाला.

तिनं दिली. सासऱ्याच्या पानावरही एक ठेवली. "घ्या ना, मामाजी. तुमी तं खाल्लीच नाई."

तिनं हे जाणून केलं की अजाणता, हे उदारामला पुढेही कधी कळलं नाही. तिच्या तोंडावरून काही दिसत नव्हतं. त्यानं वडी खाल्ली. चांगली झाली होती, हेच वाईट.

दुपारी सगळे पुन्हा उतरले. घन चालला, घमेली चालली. संध्याकाळी मोजलं तर अठरा हात भरले होते आणि तळ धुळीचा होता.

*

शनिवारी सकाळी उदाराम विहिरीवर पोचला तेव्हा बाकीची सव्वीस घरं आधीच आली होती. आणि घराघरातून गडी आले होते. म्हातारीच्या जागी आज नंदलाल स्वतः होता, ज्याची पाठ गेले दहा दिवस दुखत होती. सगळे मातीच्या ढिगावर ओळीनं बसले होते. टिकास, फावडे, घन समोर मांडलेले. हात कोणी लावत नव्हतं.

"या भाऊ," उमराव म्हणाला. "तुमचीच वाट पाहून रायलो."

उदाराम उभाच राहिला. मागे सुशिलाबाई आणि दुर्गेश्वरी येऊन थांबल्या.

"सांगा. किती हात?"

उदारामनं विहिरीत पाहिलं.

"तुमी म्हनाल तेवढं खोदू," उमराव पुढे म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "दोन म्हना, दोन. दहा म्हना, दहा. पानी तुमाले समजते. आमाले काय समजते?"

मनिराम उठला. त्यानं दोराचं टोक कमरेला गुंडाळलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला. अंगठ्याची चिंधी मातीनं काळी झाली होती. तो उदारामकडे बघत राहिला, नुसता, हुकमाची वाट पाहणाऱ्यासारखा.

उदारामच्या तोंडात ते दोन शब्द तयार होते. म्हटले असते तर मनिराम उतरला असता, यात त्याला शंका नव्हती. सोमवारपर्यंत उतरत राहिला असता. आणि टोला इथंच बसून, तो किती वेळा म्हणतो ते पाहत राहिला असता.

"इथं नाई," उदाराम म्हणाला.

"मंग कुठं?" चंदा बोलली.

"खोलबांधीत."

"कोनाच्या?"

"तुले माहीत नाई काय?"

"मले माहीत हाये. तुमच्या तोंडून आयकाचं हाये."

"माह्या."

"आयकू नाई आलं भाऊ. म्हातारीले तं बिलकूल नाई." म्हातारी आलीच नव्हती.

"माह्या खोलबांधीत," उदाराम मोठ्यानं म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात. दगडायखाली."

मनिरामनं कमरेचा दोर सोडला आणि नीट गुंडाळून खांद्यावर घेतला.

*

बापानं लावलेले दगड उदारामनंच उचलले. कोणी मदतीला आलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. मग टिकास चालले. दुपारपर्यंत चार हात झाले. पाचव्यावर पांढऱ्या वाळूचा थर लागला आणि चारही बाजूंनी पाणी असं सरकत आलं की खालच्यांना अवजारं टाकून वर चढावं लागलं. पोटरीपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. गढूळ होतं ते निवळायला तासभर बसले. निवळल्यावर तळाची वाळू दिसली.

उमरावनं दोरानं लोटा सोडला, भरून वर घेतला. पहिला लोटा कोणाचा हे ठरलेलं होतं. उदारामनं टोपी काढून हातात घेतली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उमराव त्याच्यापुढून गेला आणि दुर्गेश्वरीपुढे थांबला. "घे बाई. जागा तू दाखवली."

तिनं सासूकडे पाहिलं. सुशिलाबाईनं मान हलवली. दुर्गेश्वरीनं लोटा वर धरला आणि एका दमात रिकामा केला. पाणी हनुवटीवरून पोलक्यावर ओघळलं. मग लोटा पुन्हा भरून चंदाकडे गेला, मनिरामकडे, नंदलालकडे. सगळ्यांच्या शेवटी उदारामकडे आला. त्यानं प्यायलं. चव त्याला लहानपणापासून माहीत होती.

सोमवारी साहेब आले, खूश झाले. दानपत्राच्या कागदावर उदारामनं सही केली. साहेबांनी हार मागवला, आपल्या हातानं घातला आणि म्हणाले, "अशा दात्यांमुळेच गावं उभी राहतात." टोल्यानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेनात. साहेबांना वाटलं, किती प्रेम. उदाराम हार घालून उभा होता, आणि चंदा सर्वांत शेवटपर्यंत वाजवत होती.

गायरानातला खड्डा तसाच होता. गुरं पडतील, पावसाआधी बुजवायला हवा, असं उमरावनं सभेत सांगितलं. "घरामागे एक मानूस," असं म्हणून तो थांबला. उदारामनं खाली ठेवलेलं घमेलं उचललं.

अठरा हात काढायला सत्तावीस घरांना एकोणीस दिवस लागले होते. उदाराम एकटा ढिगातून घमेलं भरी, काठापर्यंत नेई, ओती. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागे. खोलबांधीचा रस्ता नेमका खड्ड्याच्या बाजूनं जात होता. सकाळ-संध्याकाळ बाया भरले गुंड घेऊन येत आणि न थांबता विचारत, "किती झालं, भाऊ?" दुर्गेश्वरीही त्यांच्यातच असे. तिच्या चालण्यातला झोक गेला नव्हता, पण आता ती घाईनं चालत नव्हती. सासरा दिसला की डोक्यावरचा पदर नीट करी आणि पुढे जाई. ती विचारत नसे.

सहाव्या दिवशी डोंगरामागे ढग जमले होते. ढीग अर्धाही झाला नव्हता. उदारामच्या तळहाताचे फोड फुटून फावड्याच्या दांड्याला चिकटत होते. दिवस मावळतीला आला तेव्हा सुशिलाबाई आली आणि ढिगाजवळ उभी राहिली.

"जेवाले चला."

उदारामनं घमेलं ओतलं. काठावर उकिडवा बसून खाली पाहिलं, बराच वेळ, सवयीनं.

"अजून दोन हात," तो म्हणाला, आणि पुन्हा ढिगाकडे वळला.